पदवीधर मुलामुलींचा उद्योग : शेतकरी पालकांशी हितगुज

(कृषि महाविद्यालयातील पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज या मांडवात बसलेल्या बहुतेकांच्या घरातील एक मुलगा किंवा मुलगी कृषि, उद्यानविद्या, अन्नतंत्र नाही तर कृषि अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे, किंवा पदवी घेऊन नुकतीच घरी आली आहे. चार वर्षांचा खर्च आपण सोसला. कोणी द्राक्षाच्या पट्टीतून भागवला, कोणी दावणीची म्हैस विकली. आता गावात येणारा-जाणारा एकच विचारतो, "पोरगं काय करतंय सध्या?" आणि आपलेही उत्तर ठरलेले असते, "पुण्याला परीक्षेची तयारी करतंय."

स्पर्धा परीक्षेला माझा मुळीच विरोध नाही. आपल्यातलीच मुले त्या परीक्षेतून कृषि अधिकारी, तहसीलदार झालेली आहेत. पण जागा मोजक्या आणि अर्ज भरमसाट, हेही आपण जाणतो. खोलीभाडे, खानावळ, अभ्यासिका, पुस्तके असा खर्च दरमहा घरून जात राहतो आणि एकाची दोन, दोनाची चार वर्षे कधी होतात ते कळत नाही. म्हणून किती प्रयत्न करायचे ते पहिल्या दिवशीच मुलाबरोबर बसून ठरवावे. नंतर ठरवू म्हटले की ते ठरत नाही.

बियाणे, खते, ठिबक सिंचन या क्षेत्रांतील कंपन्यांत नोकरी हा दुसरा मार्ग. त्याला काही घरांत उगाच कमी लेखले जाते. मोटारसायकलवर फिरून औषधे विकण्यासाठी शिकवले का, असे आपण म्हणतो. त्या मुलाला दोन वर्षांत पाच तालुक्यांतले शेतकरी, दुकानदार, त्यांची उधारी आणि त्यांची बोलण्याची तऱ्हा तोंडपाठ होते, हे मात्र आपण हिशोबात धरत नाही.

तिसरा मार्ग स्वतःच्या उद्योगाचा. अलीकडे प्रत्येक महाविद्यालयाच्या व्यासपीठावरून नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, असे सांगितले जाते. कानाला बरे वाटते. परंतु हे ऐकून जो विद्यार्थी घरी येतो, त्याच्याकडे स्वतःची दमडीही नसते. उद्योग मुलाचा असला तरी सातबारा बापाचा असतो आणि अडीअडचणीला मोडायचे दागिने आईचे असतात. म्हणून आज मी विद्यार्थ्यांशी नव्हे, तर तुमच्याशी बोलण्याचे ठरवले आहे.

सांगायचे ते थोडक्यात असे. आधी गिऱ्हाईक, मग माल, मग शेड, मग कर्ज आणि सर्वात शेवटी अनुदान, या क्रमाने उद्योग उभा राहतो. आपल्याकडे नेमके उलटे चालते. कोणत्या योजनेत किती टक्के अनुदान आहे ते प्रथम पाहिले जाते. त्याला बसेल असा प्रकल्प अहवाल कोणाकडून तरी लिहून घेतला जातो. कर्ज होते, शेड उभे राहते, फीत कापली जाते, पेढे वाटले जातात. त्यानंतर माल कोणाला विकायचा याचा विचार सुरू होतो. आपल्या भागात बंद पडलेली कुक्कुटपालनाची शेड, गंजलेली दाळमिल, फाटक्या जाळीची पॉलीहाऊस तुम्ही रस्त्याने जाता-येता पाहतच असाल. त्यातल्या अनेक ठिकाणी मेहनत होती, शिक्षणही होते. क्रम चुकला होता.

आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे त्यांचे सायकलींचे दुकान होते. कडबा कापण्याची यंत्रे आणि पुढे लोखंडी नांगर त्यांनी बनवायला घेतले. लोखंडाने जमिनीला विष होते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा, म्हणजे नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरल्यानंतरचा. त्या दोन वर्षांत घर कशावर चालले असेल? दुकान हाताशी होते म्हणूनच ना!

दुसरे उदाहरण जळगावचे भवरलाल जैन यांचे. वाकोदच्या शेतकरी घरातला हा वाणिज्य आणि कायद्याचा पदवीधर. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आलेली असताना त्यांनी ती घेतली नाही आणि १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या शिलकीवर रॉकेल विकण्याचा धंदा सुरू केला. केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना त्यांनी घेतला तो १९७८ साली. म्हणजे गिऱ्हाईक, उधारी, वसुली, बँक यांत पंधरा वर्षे मुरल्यावर. आणि तो कारखानाही त्यांनी केळीवर चालवला नाही. मागणी पपईच्या चिकापासून बनणाऱ्या पपेनला होती, म्हणून यंत्रसामग्रीत बदल करून पपेन काढले. जळगाव म्हणजे केळी, तेव्हा केळीचाच माल काढला पाहिजे, असा हट्ट धरला नाही. आपल्याकडे टोमॅटो भाव मिळत नाही म्हणून फेकावा लागतो, तेव्हा टोमॅटोचा सॉस काढू, असे मुले पटकन म्हणतात. कच्चा माल स्वस्त आहे एवढ्यावर धंदा चालत नाही. सॉसची बाटली कोण घेणार, हे पाहावे लागते.

आता एक उद्योग घेऊन त्याचा पुरता हिशोब मांडू. भाजीपाला रोपवाटिका घेऊ. कृषि पदवीधराला शोभणारा, गावात चालणारा आणि मुलींनाही उत्तम जमणारा हा व्यवसाय आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने रोपवाटिका योजना आणली, तीत कृषि पदवीधर महिलांना प्राधान्य दिले, ते योग्यच होते.

दहा गुंठ्यांचे शेडनेट धरू. ९८ कप्प्यांचा प्रोट्रे असतो. मधले रस्ते, दारापाशीची जागा आणि पाण्याची टाकी सोडून त्यात साधारण चार हजार ट्रे मांडता येतात. म्हणजे एका वेळी पावणेचार ते चार लाख रोपे. पाच किलोच्या कोकोपीटच्या विटेवर पाणी सोडून ती फुलवली की पंचवीस ते तीस ट्रे भरतात. टोमॅटोचे रोप पंचवीस ते तीस दिवसांत लागवडीला येते, मिरचीला पस्तीस-चाळीस दिवस लागतात. हे सारे विद्यार्थ्याला येते. बी कोणत्या खोलीवर टाकावे, मर कशी आवरावी, ४० मेशची जाळी आणि दुहेरी दार का लागते, पांढरी माशी आणि फुलकिडे आत शिरले तर कोणते विषाणू येतात, रोप शेवटच्या आठवड्यात पाणी ताणून कणखर कसे करावे, यावर तो पेपर लिहून पास झालेला असतो. प्रश्न इथून पुढचा आहे.

समजा, एक लाख बिया टाकल्या. बी, कोकोपीट, औषधे, मजुरी, वीज असे मिळून बियागणिक नव्वद पैसे खर्च आला आणि रोप एक रुपया तीस पैशांनी विकायचे ठरले. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. आपल्या भागातले, आपण लावणार त्या जातीच्या बियाण्याचे खरे आकडे घालून हाच हिशोब घरी पुन्हा करावा. कागदावर काय दिसते? रोपामागे चाळीस पैसे, म्हणजे लाखाला चाळीस हजार रुपये नफा. प्रकल्प अहवालात हाच आकडा असतो. त्याला वर्षाच्या सहा खेपांनी गुणलेले असते, आणि वडील खूष होऊन अंगठा किंवा सही करतात.

प्रत्यक्षात शंभर बियांना शंभर विकाऊ रोपे मिळत नाहीत. काही उगवत नाहीत, काही खुरटतात, काही कोलमडतात. दहा टक्के गेली असे धरले तर नव्वद हजार रोपे राहिली. त्यांचे एक लाख सतरा हजार रुपये झाले. खर्च मात्र लाख बियांचा, नव्वद हजार. नफा चाळीसवरून सत्तावीस हजारांवर आला. हेही वाईट नाही. पण गिऱ्हाईक आपल्याच पाहुण्यांपैकी, भावकीतले, शेजारच्या गावचे. "तोडा सुरू झाला की देतो" असे म्हणून रोपे घेऊन जातात. एक तृतीयांश माल उधारीवर गेला तर एकोणचाळीस हजार अडकले. हातात रोख किती आली? अठ्ठ्याहत्तर हजार. खर्च केला होता नव्वद हजार. म्हणजे वहीत सत्तावीस हजार नफा आणि खिशात बारा हजारांची तूट! पुढच्या खेपेचे बी मात्र दुकानदार रोखीने देतो. येथे मुलगा पहिल्यांदा घरी येऊन म्हणतो, "दादा, थोडे पैसे लागतील." दादा म्हणतात, "अरे, कालपरवा तर तू नफा झाला म्हणत होतास." दोघेही खरे बोलत असतात. खेळते भांडवल नावाची जी गोष्ट आहे, ती न समजल्यामुळे बापलेकांत वितुष्ट येते. शेडसाठी जेवढा पैसा लागतो तेवढाच काळजीने हा पैसा आधी बाजूला काढावा लागतो. निदान दोन खेपांचा पूर्ण खर्च हातात असल्याशिवाय पहिली खेप टाकू नये, असे माझे मत आहे.

आता कर्जाचा हप्ता घालू. साडेचार लाख रुपये कर्ज, पाच वर्षांची मुदत, अकरा टक्के व्याज धरले तर महिन्याला सुमारे नऊ हजार आठशे रुपये हप्ता येतो. वर्षाचे झाले एक लाख सतरा हजारांच्या घरात. वर सांगितलेल्या सत्तावीस हजारांच्या हिशोबाने नुसता हप्ता भरायला वर्षाला सव्वाचार ते साडेचार लाख बिया टाकाव्या लागतात, त्यातली सारी चांगली रोपे विकावी लागतात आणि उधारी वसूल व्हावी लागते. शिवाय ज्याने चार वर्षे शिक्षण घेतले त्याला महिना बारा हजार रुपये तरी मजुरी धरणार की नाही? ती धरली तर आणखी सव्वापाच लाख. दोन्ही मिळून पावणेदहा लाखांच्या आसपास. टोमॅटो एकरी सुमारे सहा हजार रोपे लागतात. म्हणजे साधारण दीडशे एकर टोमॅटोची रोपे एकट्या आपल्या मुलाकडून गेली पाहिजेत. आपल्या आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांत मिळून टोमॅटो किती एकर? त्यांतल्या किती जणांची रोपे आधीच दुसऱ्या रोपवाटिकेतून येतात? आणि ते तुमच्याकडे का येतील?

हा हिशोब घाबरवण्यासाठी मांडलेला नाही. तो सुटतो. कोबी, फुलकोबीला एकरी वीस हजारांच्या आसपास रोपे लागतात, तेव्हा त्या पिकांचा पट्टा जवळ असेल तर गणित एकदम सोपे होते. पाच बाय दोन फुटांवर ऊस लावणारा एकरी साडेचार हजारांच्या जवळपास रोपे घेतो आणि त्याची वेळ भाजीपाल्याहून वेगळी असते, म्हणजे शेड रिकामे राहत नाही. शेतकऱ्याने स्वतः बी आणून द्यावे आणि आपण फक्त रोपे तयार करून द्यावीत, या पद्धतीत बियाण्यात पैसा अडकत नाही. पण यातले काय आपल्या भागात चालेल, ते शेडच्या ठेकेदाराला ठाऊक नसते. गावोगाव फिरून आलेल्यालाच ते समजते.

रोप हा टिकणारा माल नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. कांदा चाळीत राहतो, हळद कोठीत राहते. टोमॅटोचे रोप तीस दिवसांचे झाले की ते गेलेच पाहिजे. पुढे ते जून होते, ट्रेमध्ये मुळांचा गुंता होतो, आणि असे रोप दिले तर गिऱ्हाईक कायमचे तुटते. टोमॅटोचे भाव पडले की ज्यांनी रोपे सांगून ठेवलेली असतात तेच शेतकरी फोन उचलत नाहीत. यावर उपाय एकच, तो म्हणजे विसार. निदान बियाण्याची किंमत निघेल एवढा विसार घेतल्याशिवाय बी टाकू नये, मग समोर सख्खा मामा असला तरी. नवख्या मुलाला हे जमत नाही, कारण त्याला मोठ्यांची भीड पडते. येथे वडिलांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. पुष्कळदा उलट होते. मुलगा विसार मागतो आणि वडीलच म्हणतात, "राहू दे रे, घरचाच माणूस आहे."

वाद झाला तर काय, याचाही विचार आधी करावा. लागवडीनंतर दोन महिन्यांनी फळे वेडीवाकडी आली, रंग नीट आला नाही, तर शेतकरी प्रथम रोपवाटिकेवर येतो. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, सातारा, नाशिक भागांत टोमॅटोवर विषाणूजन्य रोग आले तेव्हा सगळीकडे हीच चर्चा होती की बियाणे वाईट की रोपे वाईट. अशा वेळी ज्याच्याकडे बियाण्याचे रिकामे पाकीट, लॉट क्रमांक, खरेदीची पावती आणि कोणत्या तारखेला कोणाला किती रोपे दिली याची नोंदवही असते, तोच तग धरतो. बियाणे कायदा १९६६ मध्ये बियाणे या शब्दाच्या व्याख्येत रोपेही येतात, तेव्हा परवान्याविषयी तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे आधीच चौकशी करावी. माल विकायला लागल्यानंतर परवान्यामागे धावणे बरे नव्हे.

रोपवाटिकेवर मी एवढा वेळ घेतला, कारण हाच हिशोब तुम्ही शेळीपालन, गांडूळखत, मसाला कांडप, अळिंबी, काहीही घेतले तरी याच रीतीने मांडता येतो. मालाचे नाव बदलेल, पण मर, उधारी, हप्ता, स्वतःची मजुरी आणि गिऱ्हाईक ही पाच खाती बदलत नाहीत.

कृषि सेवा केंद्राबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे, कारण दहांतल्या निम्म्या मुलांच्या मनात तेच असते. दुकानाला नाव, मान, बसायला खुर्ची. परंतु बाजारपेठेच्या गावात अशी दुकाने एकाला एक लागून झाली आहेत. शेतकऱ्याला हंगामभर उधार द्यावे लागते आणि कंपनीला मात्र मुदतीत पैसे भरावे लागतात. ज्याचे भांडवल मोठे तो टिकतो. याहून गंभीर गोष्ट पदवी भाड्याने देण्याची. कीटकनाशकांच्या विक्री परवान्यासाठी कृषि किंवा ठराविक विज्ञान विषयांचे शिक्षण घेतलेली व्यक्ती लागते, म्हणून काही दुकानदार पदवीधराचे प्रमाणपत्र वर्षाला ठराविक रक्कम देऊन वापरतात. घरबसल्या पैसे मिळतात असे वाटते. पण त्या दुकानात अप्रमाणित औषध सापडले तर कागदावर आपल्या मुलाचे नाव असते. हे पैसे घेऊ देऊ नका.

कर्ज आणि अनुदान याकडे आता वळतो. केंद्र शासनाने २००२ मध्ये कृषि चिकित्सालय व कृषि व्यवसाय केंद्र ही योजना खास कृषि पदवीधरांसाठी सुरू केली. हैदराबादची मॅनेज ही संस्था प्रशिक्षणाचे काम पाहते आणि अनुदानाचे काम नाबार्डकडे असते. पंचेचाळीस दिवसांचे निवासी प्रशिक्षण विनाशुल्क आणि त्यानंतर बँकेचे कर्ज, अशी तिची रचना. २०१० च्या सुधारणेत एका व्यक्तीच्या प्रकल्पासाठी वीस लाखांची मर्यादा आणि सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ४४ टक्के अनुदान ठेवले गेले. अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली, तीत ३५ टक्के आणि जास्तीत जास्त दहा लाख रुपये असे अनुदान ठरले. योजनांची मुदत, मर्यादा आणि अटी बदलत असतात. अर्ज करण्याच्या दिवशी नियम काय आहे ते कृषि विभाग, नाबार्ड किंवा बँकेत जाऊन स्वतः विचारावे. दलालाच्या तोंडावर जाऊ नये.

यात पालकांचा एक मोठा गैरसमज असतो. वीस लाखांचा प्रकल्प, सात लाख अनुदान, म्हणजे सात लाख रुपये हातात पडतील, असे वाटते. तसे नसते. कृषि चिकित्सालय योजनेत अनुदान बँकेत वेगळ्या राखीव खात्यात ठेवले जाते. त्या रकमेपुरते व्याज लागत नाही आणि कर्ज व्यवस्थित फेडले, उद्योग चालू राहिला, तर ठरलेल्या मुदतीनंतर ते कर्जात वळते होते. मधेच धंदा बंद पडला तर ते हातचे जाते आणि पूर्ण कर्ज अंगावर राहते. म्हणून अनुदान शून्य आहे असे समजून हिशोब मांडावा. तरीही धंदा फायद्यात दिसला तर करावा. अनुदानामुळेच फायदा दिसत असेल तर सोडून द्यावा.

आणि सातबारा. बँकेचा बोजा इतर हक्कात चढला की पुढची पाच-सात वर्षे त्या जमिनीचे सगळे व्यवहार त्या बोजाखालून चालतात. पीक कर्ज वाढवून मागायला गेलात तरी साहेब आधी तो रकाना पाहतात. घरात दुसरा मुलगा असेल, मुलीचे लग्न व्हायचे असेल, तर त्या सर्वांचा वाटा आपण एका उद्योगाला बांधत आहोत, याची जाणीव ठेवावी. शक्य तोवर घरी बसून सगळ्यांसमक्ष हे बोलून घ्यावे. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सूक्ष्म व लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असे बँकांना कळवले आहे आणि अशा कर्जांना पतहमी देणारा निधी २००० सालापासून आहे. शाखेत गेल्यावर साहेबांनी पहिल्या वाक्यालाच "जमीन किती?" असे विचारले तर पतहमीखाली कर्ज होईल का, असे नम्रपणे विचारावे. नाही म्हटले तर कारण लेखी मागावे. प्रत्येक वेळी होईलच असे नाही. पण न विचारताच आपण सातबारा पुढे सरकवतो, ते थांबले पाहिजे.

शेतीबाहेर काढलेला रुपया आणि शेतीतला रुपया एका खिशात ठेवला की कोणताच हिशोब लागत नाही. मुलाच्या उद्योगाचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे असावे. घरचे शेणखत वापरले तर त्याची किंमत लिहावी. आईने ट्रे भरायला चार दिवस दिले तर तिची मजुरी लिहावी. घरातले सगळे फुकट राबतात म्हणून नफा दिसतो, असे कित्येक उद्योग मी पाहिले आहेत. त्यांत नफा नसतो, आईची मजुरी असते. आणि वडिलांनी दिलेले पैसे हे उसने की भांडवल, ते कागदावर लिहावे. घरात लिहिणे बरे दिसत नाही, असे वाटेल. पण पुढे वाटणीच्या वेळी भावाभावांत जे होते, त्यापेक्षा ते बरे दिसते.

मुलींबद्दल थोडे बोलतो. शेवटच्या वर्षाला गावात कृषिकन्या येतात, त्यांचे काम तुम्ही पाहिले आहे. माती परीक्षणाचे नमुने, बीजप्रक्रिया, नोंदी, यांत त्या कोठेही कमी नसतात. पण उद्योगाचा विषय निघाला की घर म्हणते, लग्न झाल्यावर सासरी काय ते करेल. सासर म्हणते, जमीन आमची, कर्ज कशावर काढायचे? महिलांना अनुदानाची टक्केवारी जास्त आहे म्हणून सुनेच्या नावाने अर्ज केला जातो आणि सही केली की ती पुन्हा चुलीपाशी. कर्ज तिच्या नावावर, व्यवहार दुसऱ्याच्या हातात. नाव तिचे असेल तर चेकबुक तिच्या हाती आणि हिशोबाची वही तिच्याच अक्षरात असली पाहिजे. तसे करायचे नसेल तर तिच्या नावाने कर्ज काढू नये.

प्रत्येक पदवीधराने उद्योगच करावा, असे मी म्हणत नाही. ज्याला पैसे मागायला लाज वाटते, दहा वेळा नकार ऐकवत नाही, त्याने नोकरी केलेली बरी. नोकरीतही तो शेतकऱ्यांच्या उपयोगी पडेल. कोणाचा स्वभाव कसा आहे, हे प्रकल्प अहवालात सापडत नाही. आईवडिलांना ते लहानपणापासून माहीत असते.

ज्यांच्या घरात रोपवाटिकेचा विचार खरोखर चालू आहे, त्यांनी शेड उभारण्याआधी एक हंगाम लहान प्रमाणात करून पाहावे. पन्नास ट्रे, म्हणजे चार हजार नऊशे बिया. बांबू आणि जाळीचा लहान मांडव त्याला पुरतो. आपल्या भागात खरीप टोमॅटोची लागवड जून-जुलैमध्ये होते, म्हणजे बी मे-जूनमध्ये पडते आणि शेतकऱ्याचा विचार एप्रिलमध्येच सुरू होतो. तेव्हा एप्रिल महिन्यात मुलाने किंवा मुलीने एक वही घेऊन दहा गावे फिरावे. कोणता शेतकरी, किती एकर, कोणती जात, रोपे सध्या कोठून आणतो, काय दराने, त्याची तक्रार काय, आणि आपल्याकडून घेणार असेल तर विसार किती देतो, हे लिहून आणावे. घरी संध्याकाळी ती वही वडिलांनी वाचावी. "बघू", "सांगतो", "पोरा, तू आपलाच आहेस" असे शेरे ज्यांच्यापुढे असतील ती नावे खोडावीत. ज्यांनी विसार दिला तेवढीच मोजावीत, आणि त्यांची रोपांची गरज बेरीज करून शेडनेट किती गुंठ्यांचे घालायचे ते त्या आकड्यावरून ठरवावे.